क्वांटम, चैतन्य आणि शिबिरातलं यंत्र: काय खरं, काय ताणलेलं

प्रश्न थोडक्यात असा. सोसायटीच्या सभागृहात एक शिबिर झालं. वक्त्यांनी सांगितलं की पाहणाऱ्याच्या जाणिवेनेच वास्तव घडतं हे क्वांटम भौतिकीने, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनसारख्या अतिसूक्ष्म गोष्टींच्या शास्त्राने, सिद्ध केलंय, सगळी मनं एकमेकांत गुंतलेली आहेत, विचारांची फ्रीक्वेन्सी वाढवली की आजार बरे होतात, आणि या शास्त्राचे संस्थापक हायझेनबर्ग-श्रोडिंगर यांना हे सारं आपल्या उपनिषदांतून मिळालं. नंतर ‘क्वांटम अ‍ॅनालायझर’ यंत्रावर तपासणी झाली. आईच्या हातात चाळीस पानी रिपोर्ट आला, गळ्यात ‘क्वांटम’ लॉकेट आलं, आणि मधुमेहाच्या गोळ्या हळूहळू कमी करता येतील असंही तिला सांगितलं गेलं. यात खरं किती, आणि तिची ध्यानावरची श्रद्धा न दुखावता तिच्याशी कसं बोलायचं?

आधी तातडीचं. गोळ्यांना हात लावू नका. त्या यंत्राच्या रिपोर्टवरून एकही औषध सुरू, बंद किंवा कमी करू नका. लॉकेट आजच गळ्यातून काढा, कारण खाली देतो. वक्त्यांच्या चार विधानांपैकी प्रत्येकाच्या मुळाशी एक खरा प्रयोग किंवा खरी घटना आहे. चूक झाली आहे ती त्या गोष्टीला तिच्या हद्दीबाहेर ओढण्यात. ध्यान यातल्या कशावरच उभं नाही, त्यामुळे ही विधानं पडली तरी ध्यानाला धक्का लागत नाही.

यंत्रापासून सुरुवात करतो, कारण तब्येतीचा धोका तिथे आहे.

यंत्राच्या नावात ‘क्वांटम’, ‘मॅग्नेटिक’ आणि ‘रेझोनन्स’ हे तीन शब्द असतात. ते तिन्ही एमआरआयमध्ये खरोखर लागू पडतात. शरीरातल्या पाण्याच्या आणि चरबीच्या हायड्रोजन अणूंची केंद्रकं चुंबकीय क्षेत्रात दोन ऊर्जापातळ्यांत विभागली जातात, आणि योग्य वारंवारतेच्या रेडिओलहरी दिल्या की त्या पातळ्यांमध्ये उड्या मारतात. १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) यंत्रात ही वारंवारता सुमारे ६४ मेगाहर्ट्झ असते. आता अडचण पाहा. शरीराच्या तापमानाला उष्णतेची धडपड इतकी असते की खालच्या आणि वरच्या पातळीतल्या केंद्रकांच्या संख्येत दर दहा लाखांमागे जेमतेम ५ चा फरक पडतो. एमआरआयला जो संदेश मिळतो तो या पाचांचा. तेवढ्यासाठी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजार पटींहून मोठं क्षेत्र लागतं. ते निर्माण करायला द्रवरूप हेलियममध्ये ४ केल्विनला, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसला, बुडवलेली अतिवाहक (विजेला रोध न करणाऱ्या) तारेची गुंडाळी लागते, आणि बाहेरच्या रेडिओलहरी अडवण्यासाठी खोलीच्या भिंतींत तांब्याचा पत्रा बसवावा लागतो.

शिबिरातलं यंत्र डबीएवढं असतं. ते लॅपटॉपच्या यूएसबी खाचेला जोडतात आणि मुठीत धातूची एक दांडी देतात. साध्या यूएसबी खाचेतून ५ व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट मिळतात. त्यात ना तसं चुंबक आहे, ना गुंडाळी. अशी दांडी फार तर तळहाताच्या त्वचेचा विद्युत रोध मोजू शकते, आणि तो घाम, पकड आणि त्वचेचा कोरडेपणा यांवर मिनिटामिनिटाला बदलतो. त्यातून यकृताची चरबी, थायरॉइड, हाडांतलं कॅल्शियम आणि शरीरातलं शिसं कळण्याचा मार्ग नाही.

मग रिपोर्टमधलं काही जुळतं कसं? तपासणीआधी नाव, वय, लिंग, उंची आणि वजन भरून घेतात. ६२ वर्षांची, वजन जास्त असलेली बाई म्हटलं की गुडघे, कॅल्शियम, साखर, पचन यांत ‘सौम्य दोष’ लिहिला की बहुतेकदा बरोबर येतो. शिवाय दोनशे बाबी मोजल्याचं दाखवून त्यातल्या वीस लाल केल्या, तर दोन-तीन जुळतातच. उरलेल्या सतरा आपण विसरतो.

हे तपासायला भौतिकीचं शिक्षण लागत नाही. एकच माणूस एकाच नावाने दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा तपासा. दुसऱ्या वेळी चालकाला पहिला रिपोर्ट दिसू देऊ नका. दोन्ही रिपोर्ट ओळीने ताडून पाहा. हाडांतलं कॅल्शियम दहा मिनिटांत बदलत नाही. नंतर माणूस तोच ठेवून वय २८ ऐवजी ६८ भरा आणि कोणत्या ओळी वयामागून सरकल्या ते बघा. शेवटी दांडीला ओलं फडकं गुंडाळून टेबलावर ठेवा आणि तपासणी सुरू करा. फडक्याला पित्ताशय असल्याचा रिपोर्ट निघाला, तर पुढे विचारायचं काही उरत नाही.

चालक म्हणाला की हे सगळं खोडसाळ आहे, तर नीट चाचणी मांडा. दहा माणसं घ्या. पाच जणांना प्रयोगशाळेच्या एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची काही महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या) तपासणीनुसार मधुमेह आहे, म्हणजे आकडा ६.५ किंवा जास्त. पाच जणांना नाही, म्हणजे आकडा ५.७ च्या खाली. वय आणि शरीरयष्टी दोन्ही गटांत सारखी असू द्या, नाहीतर अंदाज तिथूनच बांधला जातो. सगळे पडद्यामागे, फक्त हात बाहेर, नावाऐवजी क्रमांक. चालकाला एवढंच सांगा की पाच आहेत आणि पाच नाहीत. दहातून पाच निवडण्याचे २५२ प्रकार आहेत, म्हणून सगळे दहा नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता २५२ मध्ये १. आठ किंवा जास्त बरोबर येण्याची मात्र २५२ मध्ये २६, म्हणजे दहा टक्क्यांहून थोडी जास्तच. त्यामुळे आठ बरोबर आले तर तो विजय मानायचा नाही, नव्या दहा माणसांवर चाचणी पुन्हा घ्यायची. यशाची रेषा आणि नोंदींची पद्धत आधी कागदावर लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. अशा सह्या नसल्या की चाचणी फसू शकते, कारण निकाल लागल्यावर नियम बदलले जातात.

पुण्यात २००८ साली जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी याच शिस्तीत घेतली होती. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका, कोणती कोणाची हे गुप्त, आणि प्रत्येक ज्योतिषाला ओळखायला ४० पत्रिका. २७ जणांनी उत्तरं पाठवली आणि एकूण यश ४६ टक्के आलं. नाणं उडवलं तरी पन्नासच्या आसपास येतं. त्या चाचणीची ताकद निकालापेक्षा मांडणीत आहे, आणि तीच मांडणी या यंत्रालाही लागू होते.

आता लॉकेट. ‘निगेटिव्ह आयन’, ‘स्केलर एनर्जी’ किंवा ‘क्वांटम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही लॉकेट, ब्रेसलेट आणि डोळ्यांवरच्या पट्ट्यांमध्ये थोरियम किंवा युरेनियम असलेली खनिजभुकटी घातलेली आढळली आहे. आयन बाहेर पडतात ते किरणोत्सारामुळे. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेने डिसेंबर २०२१ मध्ये अशा दहा वस्तूंबद्दल इशारा दिला होता आणि त्या वापरणं लगेच थांबवायला सांगितलं होतं. दिवसरात्र छातीला लागून राहिलेल्या वस्तूने त्वचेच्या त्याच जागेला महिनोन्‌महिने मात्रा मिळत राहते. प्रत्येक लॉकेटमध्ये हे असतंच असं नाही, कित्येक नुसती काचेची किंवा राखेच्या रंगाच्या सिरॅमिकची असतात, पण डोळ्यांनी फरक कळत नाही. गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारं उपकरण, मिळाला तर आधी खोलीचं मोजमाप घ्या, ते साधारण ताशी ०.१ ते ०.२ मायक्रोसीव्हर्ट (किरणोत्साराच्या मात्रेचं एकक) असतं. मग काउंटर लॉकेटला टेकवा. आकडा दोन-तीन पट किंवा जास्त चढला तर लॉकेट वापरायचं नाही. काउंटर नसेल तर पिशवीत बंद करून माणसांच्या वावरापासून लांब ठेवा. फोडू, घासू किंवा कुटू नका, कारण भुकटी श्वासात जाणं हा सर्वांत वाईट प्रकार. भारतात या विषयाची नियामक संस्था म्हणजे मुंबईचं अणुऊर्जा नियामक मंडळ. पुढे काय करायचं ते त्यांना विचारा.

आता वक्त्यांचं पहिलं विधान: पाहणाऱ्याच्या जाणिवेने वास्तव घडतं. याला आधार म्हणून दोन फटींचा प्रयोग सांगितला जातो. एकेक करून इलेक्ट्रॉन दोन फटींच्या दिशेने सोडले तर पडद्यावर हळूहळू आलटून पालटून गडद आणि फिक्या पट्ट्या उमटतात. कोणत्या फटीतून गेला हे कळेल अशी सोय केली की पट्ट्या नाहीशा होतात. हा प्रयोग खरा आहे आणि थक्क करणाराही आहे. घोटाळा होतो तो ‘पाहणं’ या शब्दावर. इथे पाहणं म्हणजे इलेक्ट्रॉनशी दुसऱ्या कशाचा तरी असा संबंध येणं, की त्याच्या वाटेची खूण कुठेतरी उमटेल. ती खूण कोणी वाचते की नाही, याने फरक पडत नाही.

हे नेमकं दाखवणारा प्रयोग व्हिएन्नामध्ये २००४ साली झाला. ७० कार्बन अणूंचे फुलरीन रेणू अतिसूक्ष्म जाळ्यांमधून सोडले, पट्ट्या मिळाल्या. नंतर जाळ्यांकडे जाण्याआधीच रेणूंना लेसरने तापवत नेलं. तापलेली वस्तू प्रकाश सोडते, तसे हे रेणूही वाटेत फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, सोडू लागले. तापमान कमी होतं तेव्हा फोटॉन थोडे आणि लांब तरंगलांबीचे होते, त्यातून रेणूची जागा कळण्याजोगी नव्हती, आणि पट्ट्या टिकून राहिल्या. तापमान वाढलं तसे फोटॉन जास्त आणि आखूड तरंगलांबीचे झाले. पट्ट्या फिक्या होत गेल्या आणि ३,००० केल्विनच्या सुमारास जवळपास पुसल्या गेल्या. ते फोटॉन कोणी पाहिले नाहीत, पकडले नाहीत, मोजले नाहीत. ते यंत्राच्या भिंतींत शोषले गेले. प्रयोगशाळेतल्या माणसांचं मन दोन्ही वेळी सारखंच होतं, बदललं ते फक्त तापमान. याला डिकोहिअरन्स म्हणतात, म्हणजे वस्तूच्या तरंगरूपाची माहिती भोवतालात विखरून जाणं.

जाणिवेचा मुद्दा भौतिकीत आलाच नव्हता असं नाही. फॉन नॉयमान यांच्या १९३२ च्या मांडणीतून तो प्रश्न उभा राहिला, आणि १९६१ मध्ये यूजीन विग्नर यांनी जाणिवेला स्पष्ट भूमिका दिली. त्याच विग्नरनी पुढे, डिकोहिअरन्सवरचं हाइन्झ-डीटर त्से यांचं काम पाहिल्यावर, ती भूमिका सोडली. मोजमापाचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. एव्हरेटची अनेक विश्वांची कल्पना, बोमची मांडणी आणि इतर मतं आजही वादात आहेत. पण वक्ते ज्या मुद्द्यावर शिबिर उभं करतात, तो यातल्या कोणत्याच मताने सिद्ध होत नाही. समजा, जाणिवेनेच निकाल ठरतो असं मानलं, तरी कोणता निकाल लागेल हे जाणिवेच्या हाती नसतं. माक्स बोर्न यांनी १९२६ मध्ये मांडलेला नियम संभाव्यता देतो, आणि ती कोणाच्या इच्छेने हलत नाही. वर-खाली अर्धी-अर्धी शक्यता असेल तर लाख वेळा मोजल्यावर पन्नास हजारांच्या आसपासच येणार, मोजणारा आशावादी असो की निराश. ‘हवं ते मनात धरा, विश्व ते प्रत्यक्षात आणेल’ याला क्वांटम भौतिकीत जागा नाही, उलट तिथे मनाजोगं निवडायला मुळीच वाव नाही.

दुसरं विधान मनांच्या गुंफणीचं. एन्टँगलमेंट, म्हणजे दोन कणांची गुंफण, हा निसर्गाचा खरा आणि विलक्षण गुण आहे. १९६४ मध्ये जॉन बेल यांनी दाखवलं की कणांकडे आधीच ठरलेली उत्तरं असतील आणि ते एकमेकांवर दुरून परिणाम करत नसतील, तर त्यांच्यातल्या जुळणीला मर्यादा पडते. सहसा वापरल्या जाणाऱ्या मापात ती मर्यादा २ आहे, आणि क्वांटम सिद्धांत जास्तीत जास्त २.८३ देतो. अ‍ॅलन अ‍ॅस्पे, जॉन क्लाउझर आणि अँटन झायलिंगर यांना या विषयातल्या प्रयोगांसाठी २०२२ चं नोबेल मिळालं. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांतले इलेक्ट्रॉन गुंफून २.४२ हा आकडा मिळाला. त्यासाठी काय करावं लागलं पाहा. हिरे ४ केल्विनच्या आसपास थंड, प्रकाशतंतूंची खास जोडणी, आणि २२० तासांच्या मोजणीत हाती आलेल्या गुंफलेल्या जोड्या फक्त २४५. गुंफण इतकी नाजूक असते. हवेचा एक रेणू आपटला, उष्णतेचा एक फोटॉन निसटला, की ती भोवतालात हरवते.

त्याहून महत्त्वाचं, गुंफणीतून संदेश जात नाही. एका टोकाला काहीही केलं तरी दुसऱ्या टोकाला नुसती सरमिसळ दिसते. जुळणी कळते ती दोन्हीकडच्या नोंदवह्या फोनने, मेलने किंवा कागदाने एकत्र आणल्यावरच. म्हणून दोन मेंदू कसेतरी गुंफलेले आहेत असं क्षणभर गृहीत धरलं, तरी त्यातून विचार, आशीर्वाद किंवा उपचार पाठवता येत नाहीत. मेंदूची स्थिती तर आणखी प्रतिकूल. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांनी २००० साली केलेल्या गणितानुसार तिथे, ३७ अंश सेल्सिअसला, खारट पाण्यात, आयनांच्या गर्दीत, तरंगरूप १० चा उणे १३ ते उणे २० वा घात इतक्या सेकंदांत विस्कटतं, आणि चेतापेशींचं काम चालतं सेकंदाच्या हजारव्या ते दहाव्या भागात. चेतापेशींतल्या सूक्ष्मनलिकांमधल्या क्वांटम घडामोडींतून जाणीव येते, ही पेनरोझ आणि हॅमेरॉफ यांची कल्पना मानणाऱ्यांनी हे गणित अमान्य करून आपलं दुरुस्त गणित दिलं आहे. तो वाद शास्त्रीय आहे, चालू द्यावा. पण त्यांचं म्हणणं पूर्ण मान्य केलं तरी ते एका मेंदूच्या आतलं आहे, दोन मेंदूंमधलं नाही.

दूरवरून प्रार्थनेने आजारी माणूस बरा होतो का, याची थेट चाचणी झालेली आहे. हर्बर्ट बेन्सन हे ध्यानाच्या फायद्यांवर आयुष्यभर काम केलेले अमेरिकन डॉक्टर. त्यांच्या नेतृत्वाखालच्या अभ्यासाचा निकाल २००६ मध्ये आला. हृदयाची बायपास झालेले १,८०२ रुग्ण होते. प्रार्थना होते की नाही हे माहीत नसलेल्यांपैकी, प्रार्थना झालेल्यांत ५२ टक्क्यांना आणि न झालेल्यांत ५१ टक्क्यांना गुंतागुंत झाली. आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना पक्कं माहीत होतं, त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के होतं. प्रार्थना करू नये असा याचा अर्थ नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसून म्हटलेल्या रामरक्षेने घरातल्यांना जो धीर येतो, तो या आकड्यांत मोजलेलाच नाही. मोजलेलं एवढंच की, दूर बसलेल्या मनांनी रुग्णाच्या शरीरावर परिणाम केला का. तो दिसला नाही.

तिसरं विधान विचारांच्या फ्रीक्वेन्सीचं. इथे सरळ आकडेमोड होते. मेंदूच्या विद्युतलेखात शांत बसलेल्या माणसाचा अल्फा ताल सेकंदाला ८ ते १३ वेळा चालतो आणि डोक्याच्या त्वचेवर त्याचा व्होल्टेज मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांत, मोजावा लागतो. १० हर्ट्झच्या (सेकंदाला १० वेळा होणाऱ्या) लहरीचा एक क्वांटम, म्हणजे ऊर्जेचा सर्वांत लहान कण, काढायचा, तर प्लांकचा स्थिरांक गुणिले १०, म्हणजे ६.६ गुणिले १० चा उणे ३३ वा घात ज्यूल. शरीराच्या तापमानाला रेणूंची नुसती थरथर ४.३ गुणिले १० चा उणे २१ वा घात ज्यूलची असते. म्हणजे विचाराच्या क्वांटमपेक्षा उष्णतेची थरथर ६५ हजार कोटी पट मोठी. अशा लहरीची तरंगलांबी ३०,००० किलोमीटर येते. मेंदूचं चुंबकीय क्षेत्र डोक्याच्या त्वचेपाशी १० चा उणे १३ वा घात टेस्ला इतकं भरतं, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ४० कोटीव्या भागाएवढं. ते मोजायला बाहेरचं चुंबकत्व अडवणारी खोली आणि अतिवाहक संवेदक लागतात, आणि डोकं संवेदकांपासून थोडं लांब गेलं की संदेश क्षीण होतो. गाडी, नोकरी किंवा निरोगी यकृत ओढून आणण्याइतकी ताकद त्यात कुठून यावी? आणि फ्रीक्वेन्सी ‘वाढवणं’ ही गोष्टही तपासा. ध्यानात शांतता वाढते तेव्हा बहुधा अल्फा आणि त्याहून संथ ताल ठळक होतात, म्हणजे वारंवारता उतरते.

‘सगळं ९९.९९ टक्के पोकळ आहे, म्हणून जग माया’ हे वाक्यही याच टोपलीतलं. सूर्याभोवती ग्रह फिरावेत तसे इलेक्ट्रॉन फिरतात, हे जुनं चित्र डोळ्यांसमोर ठेवलं तरच अणू पोकळ दिसतो. क्वांटम सिद्धांतात इलेक्ट्रॉनचा तरंग ती जागा व्यापून असतो. टेबलावर हात ठेवला की तो आरपार जात नाही, याचं मुख्य कारण पाउलीचा वर्जन नियम, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन एकाच क्वांटम स्थितीत राहू शकत नाहीत. १९६७ मध्ये डायसन आणि लेनार्ड यांनी त्यावरून पदार्थाची स्थिरता गणिताने सिद्ध केली. पदार्थाचा टणकपणा हाच क्वांटम परिणाम आहे.

चौथं विधान आपल्याला जिव्हाळ्याचं, म्हणून तारखा नीट लावू. हायझेनबर्ग भारतात आले ते १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये. कलकत्त्यात रवींद्रनाथ ठाकुरांशी त्यांची भेट झाली आणि भारतीय तत्त्वज्ञानावर बोलणंही झालं. पण त्यांचं क्वांटम यांत्रिकीवरचं पहिलं काम १९२५ च्या उन्हाळ्यातलं, हेल्गोलँड बेटावरचं, आणि अनिश्चितता तत्त्व १९२७ चं. भेट नंतरची, शोध आधीचा. त्या भेटीतून अनिश्चितता तत्त्व निघालं असं सांगणाऱ्या मेसेजमध्ये बेरीज-वजाबाकीच चुकलेली असते.

श्रोडिंगर यांचं मात्र वेगळं आहे. वेदान्ताशी त्यांचं नातं खरं आणि जुनं होतं. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉअर यांच्यामार्फत ते उपनिषदांच्या विचाराकडे वळले, १९२५ मध्ये, म्हणजे प्रसिद्ध समीकरणाच्या काही महिने आधी, त्यांनी या विषयावर निबंध लिहिला. चैतन्य एकच आहे हे त्यांचं आयुष्यभराचं मत होतं. हे अभिमानाने सांगण्यासारखं आहे, आणि सांगावं. पण १९२६ चं समीकरण कशातून आलं, हे त्यांच्या शोधनिबंधांत दिसतं: द ब्रॉय यांनी १९२४ मध्ये मांडलेली कणांच्या तरंगांची कल्पना आणि हॅमिल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवलेलं प्रकाश आणि गती यांच्या गणितांतलं साम्य. ते स्वीकारलं गेलं, कारण हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्या त्यातून अचूक निघाल्या. १९४४ मध्ये जीवसृष्टीवरच्या छोट्या पुस्तकात शेवटी आत्मा आणि ब्रह्म यांच्या ऐक्याबद्दल लिहिताना त्यांनी स्वतःच ते आपलं व्यक्तिगत, तात्त्विक मत म्हणून वेगळं काढून ठेवलं. त्यांच्या नावाने बोलणाऱ्यांनी तेवढी शिस्त पाळावी.

जिनेव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतला नटराज हाही असाच मुद्दा. दोन मीटर उंचीची ती मूर्ती भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाने दिलेली भेट आहे आणि १८ जून २००४ रोजी तिचं अनावरण झालं. ते सर्नबरोबरच्या आपल्या जुन्या सहकार्याचं चिन्ह आहे. एखादा सिद्धांत त्यातून सिद्ध होत नाही आणि कोणी तसा दावा सर्नच्या वतीने केलेलाही नाही.

श्रद्धेला भौतिकीची खुंटी दिली तर काय होतं, याचं उदाहरण समोर आहे. १९७५ मध्ये फ्रिट्जॉफ काप्रा यांनी पौर्वात्य अध्यात्म आणि आधुनिक भौतिकी यांची सांगड घालणारं गाजलेलं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी मोठा भर दिला तो जेफ्री च्यू यांच्या ‘बूटस्ट्रॅप’ मांडणीवर, म्हणजे कोणताच कण मूलभूत नाही, सगळे एकमेकांतून बनतात. त्याच सुमारास क्वार्कचा सिद्धांत, म्हणजे प्रोटॉनसारखे कण क्वार्क नावाच्या मूलभूत कणांपासून बनतात हा, पक्का होत होता आणि काही वर्षांत मुख्य प्रवाहाने कणांसाठी बूटस्ट्रॅप बाजूला ठेवलं. भौतिकीचे सिद्धांत बदलायचेच, तो त्या शास्त्राचा धर्म आहे. ज्याने आपलं अद्वैत त्या सिद्धांताला बांधलं, त्याने प्रत्येक नव्या प्रयोगाबरोबर ते सोडून द्यायचं का?

आणि वेदान्ताच्या बाजूनेही ही जोडणी बसत नाही, याकडे शिबिरांत कोणी लक्ष देत नाही. वेदान्तातला साक्षी अकर्ता आहे. गीतेचा तेरावा अध्याय सांगतो की सगळी कर्मं प्रकृतीकडून होतात आणि आत्मा अकर्ता आहे असं जो पाहतो तोच खरं पाहतो. साक्षी काही घडवत नाही, कणाची फट निवडत नाही, गाडी आकर्षून आणत नाही. शिवाय इच्छा करणारं मन वेदान्तात चैतन्य नव्हेच, ते अंतःकरण, दृश्याच्या बाजूचं, जड. ‘मनाच्या इच्छेने वास्तव घडवा’ हे वाक्य उपनिषदांवर लादणं म्हणजे ज्याच्यापासून सुटायला सांगितलंय त्यालाच सिंहासनावर बसवणं. अध्यात्माचा अभ्यास मनापासून करणाऱ्या माणसाने याला सर्वांत आधी हरकत घ्यायला हवी.

१९७९ चं भौतिकीचं नोबेल शेल्डन ग्लॅशो, अब्दुस सलाम आणि स्टीव्हन वाइनबर्ग यांना मिळालं. सलाम निष्ठावान मुसलमान, वाइनबर्ग उघड निरीश्वरवादी. दोघे स्वतंत्रपणे काम करून त्याच सिद्धांतापर्यंत पोहोचले. समीकरण दोघांनाही एकच मिळालं, आणि त्यासाठी कोणालाही आपली श्रद्धा किंवा अश्रद्धा बदलावी लागली नाही.

आता आईशी बोलण्याचं. ‘ते सगळं थोतांड आहे’ इथून सुरुवात केलीत तर तिला ध्यानावरच हल्ला झाल्यासारखं वाटेल. ध्यानाचा फायदा वेगळ्या पुराव्यावर आधी मान्य करा. २०१४ मध्ये ध्यानावरच्या ४७ चाचण्या आणि ३,५१५ लोक एकत्र घेऊन आढावा निघाला होता. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत बेताचा पण खरा फरक आढळला. साखर, वजन किंवा कर्करोग यांवर औषधासारखा परिणाम असल्याचा दाखला त्यात नाही. एवढं सांगितलं की ती ऐकेल. सकाळची वीस मिनिटं चालू राहू द्या.

साखरेसाठी रिपोर्ट हवा तो एचबीए१सीचा. तो मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, म्हणून ‘गोळी सोडून बरं वाटतंय’ या आठवड्याभराच्या अनुभवापेक्षा तो खरा. पुढचा तीन महिन्यांनी करा आणि गोळ्यांचा निर्णय तो हातात घेऊन डॉक्टरांकडेच होऊ द्या. शिबिरात उपवास किंवा एकभुक्त असेल तर आधीच डॉक्टरांना विचारा, विशेषतः ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर. जेवण चुकलं आणि गोळी घेतली तर साखर ७० च्या खाली उतरू शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं दिसली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच द्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडातून काहीही न देता थेट दवाखान्यात न्या. शिबिरात ही ‘ऊर्जा वर चढल्याची’ लक्षणं म्हणून सांगितली गेली असतील, तर तिच्यासोबत जाणाऱ्या मैत्रिणीलाही हे चार शब्द समजावून ठेवा.

मधुमेह, कर्करोग, रक्तदाब असे आजार बरे करण्याच्या जाहिरातीला १९५४ च्या औषधी व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. पत्रक, व्हिडिओ किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरची जाहिरात, पैसे दिल्याची पावती आणि तो चाळीस पानी रिपोर्ट जपून ठेवा. महाराष्ट्रात तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, पैसे परत मिळवायचे असतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रारीत ‘क्वांटम खोटं आहे’ असं लिहू नका, त्यावर वाद होत बसेल. कोणत्या तारखेला, कोणत्या आजारासाठी, कोणत्या शब्दांत बरं करण्याचं आश्वासन दिलं आणि किती पैसे घेतले, एवढंच लिहा.